चावरं पाणी

"सर, नळाचं पानी चावते."

पार्बताबाई नववीच्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत ओले, पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. मी फळ्यावर आरशाची आकृती काढत होतो. मुली फिसकन हसल्या. मीही हसलो असेन, कारण पार्बताबाईंनी एकदम मान खाली घातली आणि त्या व्हरांड्यात जाऊन थांबल्या.

आमच्या निवासी कन्याशाळेत त्या चौदा वर्षं स्वयंपाक करत होत्या. साठ-बासष्ट मुली, दोन वेळचं जेवण. एवढ्या वर्षांत त्या कधी वर्गाच्या दाराशी आल्या नव्हत्या. तास संपवून मी बाहेर गेलो तर त्या तिथंच उभ्या. त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी तांदूळ धुवायला त्या न्हाणीघराजवळच्या नळावर गेल्या होत्या. धारेखाली हात धरताच बोटांपासून खांद्यापर्यंत मुंग्या चढल्या. तोटीला हात लागला तेव्हा हिसकाच बसला. काल काही नव्हतं. परवा होतं.

"तुमी टाकीत तार सोडली तवापासून हाये हे," त्या म्हणाल्या.

तार म्हणजे माझा अलार्म. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावात तेव्हा रोज दोन खेपांत मिळून सहा तास भारनियमन असायचं. लाइन आली की कुणीतरी धावत जाऊन मोटर लावायचं आणि बंद करायला विसरायचं. न्हाणीघराच्या स्लॅबवरची काळी प्लॅस्टिकची टाकी वाहू लागायची, अंगणभर चिखल व्हायचा. संस्थेचे सचिव पाहणीला येणार होते. मुख्याध्यापक गुल्हाने सर मला म्हणाले, नेवारे सर, तुम्ही विज्ञानाचे, काहीतरी करा. मी दोन दिवसांत केलं. टाकी भरली की ऑफिसात भोंगा वाजायचा.

एवढ्याशा भोंग्याला वीज लागते ती अगदी थोडी. रीतीप्रमाणं ती ट्रान्सफॉर्मर लावून उतरवून घ्यायची. पण तेवढा लहान ट्रान्सफॉर्मर तालुक्याला मिळाला नाही. अमरावतीला जाऊन यायला एक दिवस मोडला असता, आणि सचिव सोमवारी येणार होते. मी ट्रान्सफॉर्मर गाळला. त्याच्या जागी एक कपॅसिटर बसवला. तो प्रवाहाला अडवून धरतो आणि हवा तेवढाच पुढं सोडतो. त्यापुढं दोन-तीन बारीक भाग, आणि सगळं एका साबणाच्या डबीत मावलं. दोन पिनांचा प्लग कसा खोचायचा हे कळावं म्हणून त्याच्या वरच्या अंगाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका खडतकर मॅडमना सांगून ठेवलं की ठिपका वर राहू द्या. सचिवांनी डबी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली आणि ट्रान्सफॉर्मर कुठं आहे म्हणून विचारलं. नाहीच, असं मी सांगितलं तेव्हा ते कौतुकानं हसले. ते हसू मला पुढं कितीतरी दिवस पुरलं.

पार्बताबाईंचं ऐकून मी आधी ऑफिसात गेलो. ठिपका वर होता. मग टेस्टर घेऊन नळावर गेलो. तोटीला लावला, बादलीतल्या पाण्यात बुडवला. टेस्टर पेटला नाही. बाई, थंडीचे दिवस आहेत, शिरा आखडतात, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी टेस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तांदळाचं पातेलं उचलून त्या हातपंपाकडे गेल्या.

दोन दिवसांनी सातवीतली सुजाता केस धुता धुता किंचाळली. तिची बादली कलंडली, ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पाच मिनिटं तिला बोलता येईना. संध्याकाळी मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली. शाळेच्या मागं एक पडकी विहीर होती. फार वर्षांपूर्वी तिच्यात कुणी मुलगी गेली होती म्हणे, आणि आता ती पाण्यातून हात धरते. कुणी म्हणे मनगट धरते, कुणी म्हणे बोटं. मुली नळावर तिघी-तिघींनी जाऊ लागल्या. एक जण पाणी घ्यायची, दोघी तिचा फ्रॉक धरून उभ्या राहायच्या. बुधवारी एकीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. गुरुवारी दुसरीचे आले.

त्या आठवड्यात मी आणखी दोनदा ऑफिसात डोकावलो. दोन्ही वेळा ठिपका वर होता.

पार्बताबाईंनी विहिरीचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या फक्त मुलींना नळावर जाऊ देत नव्हत्या. पहाटे उठून हातपंपावरून एकेक घागर आणून न्हाणीघराशी पिंप भरायच्या. साठीला टेकलेली बाई, गुडघे दुखायचे. चूल उशिरा पेटू लागली, नाश्ता उशिरा होऊ लागला. खडतकर मॅडमचं म्हणणं पडलं की भीती पसरवते आहे ती हीच. गुल्हाने सरांनाही ते पटलं. त्यांनी मला बोलावलं.

मी तेव्हा गावोगाव 'चमत्कारामागचं विज्ञान' असा कार्यक्रम करत असे. नारळातून आग काढायचो, हातातून राख काढायचो, आणि मग त्यामागची युक्ती सांगायचो. बुवा लोक कसे फसवतात ते दाखवायचो. पंचक्रोशीत माझं नाव होतं. शनिवारी प्रार्थना झाली की सगळ्या मुलींना नळाजवळ उभं करा आणि एकदाचं दाखवून द्या, असं सर म्हणाले. मी टेस्टर आणतो म्हणालो. टेस्टर मुलींना काय समजणार, तुम्ही हातच घाला, असं त्यांनीच सुचवलं. मलाही ते आवडलं.

शनिवारी साडेआठला न्हाणीघरापुढं सगळ्या मुली रांगेनं उभ्या राहिल्या. प्रार्थनेहून तशाच आल्या होत्या, साऱ्या अनवाणी. रस्त्यापलीकडची पिठाची चक्की घरघरत होती. स्वयंपाकघराच्या दारावर दिवा जळत होता. मी नेहमीसारखं भाषण केलं. भीती डोक्यात असते, पाण्यात नसते, असं काहीसं बोललो. मग बाही वर सारली, नळ सोडला आणि हात धारेखाली धरला. काहीच झालं नाही. तोटी मुठीत धरली. काही नाही. पुढच्या रांगेतल्या लहान मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मागून सगळ्यांनी.

टाळ्या थांबल्यावर पार्बताबाई स्वयंपाकघराच्या पायरीवरून खाली आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या,

"सर, पायातल्या चपला काढा. आन् मंग धरा."

मी खाली पाहिलं. माझ्या पायात जाड रबरी चपला होत्या.

ते कळायला मला एक क्षण लागला असेल. ट्रान्सफॉर्मरच्या आत दोन वेगळी वेटोळी असतात. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नसतो. म्हणून त्यातून उतरून आलेल्या विजेचा खांबावरच्या तारेशी संबंध राहत नाही. ट्रान्सफॉर्मर गाळला की तो आडोसा जातो. माझ्या डबीतून निघून टाकीच्या तळाशी गेलेली तार सरळ भिंतीतल्या विजेला जोडलेली होती. प्लग सुलटा असला तर ती तार न्यूट्रलवर, म्हणजे झटका न देणाऱ्या बाजूवर, जायची आणि काही होत नव्हतं. उलटा खोचला तर टाकीतल्या खाऱ्या पाण्यात दोनशे तीस व्होल्ट उतरत होते. ते पाणी पाइपातून येऊन अनवाणी, ओल्या पायांनी उभ्या असलेल्या मुलींच्या हातांवर पडत होतं. हे मला नव्यानं कळलं नव्हतं. अभ्यासक्रमात होतं, मी स्वतः शिकलो होतो, म्हणून तर ठिपका दिला होता. पण ऑफिसात सॉकेट एकच. मॅडम त्यावर सकाळी साडीला इस्त्री करत, दुपारी चहाचा हीटर लावत, आणि माझा प्लग हाताला येईल तसा परत खोचत. हे मी रोज पाहत होतो.

"काढा ना सर," गुल्हाने सर हसत म्हणाले. "होऊन जाऊ द्या त्यांचंही समाधान."

सगळ्या मुली माझ्या पायांकडे पाहत होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते आज सांगता येत नाही. कदाचित खरंच बोललो असतो. तेवढ्यात चक्कीची घरघर मंदावत गेली आणि थांबली. स्वयंपाकघरावरचा दिवा विझला.

लाइन गेली होती.

मी वाकलो आणि एक चप्पल काढली. मग दुसरी. त्या नीट जोडून बाजूला ठेवल्या. मुद्दाम सावकाश ठेवल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो, दोन्ही हातांनी तोटी धरली आणि मुलींकडे तोंड करून हसलो. या वेळी टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. बुवांच्या युक्त्या मी गावोगाव उघड्या पाडत होतो. त्या सकाळी मी स्वतः एक केली.

पार्बताबाई माझ्या हातांकडे पाहतच नव्हत्या. त्या रस्त्यापलीकडं, चक्कीकडं पाहत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

माझा बेत साधा होता. ऑफिसात जायचं, प्लग उपटायचा, डबी बिघडली म्हणून सांगायचं, पुढच्या आठवड्यात अमरावतीहून ट्रान्सफॉर्मर आणायचा. कुणाला काही कळणार नव्हतं. मी ऑफिसाशी गेलो तर दाराला कुलूप. खडतकर मॅडम जीपनं बाजाराच्या गावाला भाजी आणायला गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला. विजेचा मेन स्विचही आतच. लाइन साडेअकराला यायची. त्याच्या आत मॅडम येतील, असं म्हणून मी वर्गात गेलो.

दहा वाजता गुल्हाने सरांनी जाहीर केलं की भीती गेलीच आहे, तर आजच्या श्रमदानात टाकी धुऊन घ्यावी. दर दोन महिन्यांनी ती धुवायचे. पाणी सोडून द्यायचं, तळाशी घोटाभर राहिलं की नववीतली एखादी बारीक मुलगी टाकीच्या तोंडातून आत उतरायची आणि खराट्यानं घासून काढायची. या वेळी छबी राठोडचा नंबर होता.

मी सरांना म्हणालो की टाकी पुढच्या शनिवारी धुऊ. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणालो, गारठा आहे. ऊन चांगलं पडलंय की, असं म्हणून ते निघून गेले. मला त्यांच्यामागं जाऊन खरं कारण सांगता आलं असतं. पाच पावलांचं अंतर होतं. मी तिथंच उभा राहिलो.

अकरा वाजेपर्यंत मॅडमची जीप आली नाही. मी ऑफिसाच्या मागच्या खिडकीशी गेलो. गजांतून आतलं सॉकेट दिसत होतं. ठिपका खाली होता. झेंड्याच्या खोलीतून मी एक बांबू आणला आणि गजांतून आत सारून प्लगच्या वायरीला आकडा घालायला बघू लागलो. बांबू टेबलाला अडायचा. वायर हलायची, प्लग निघायचा नाही. न्हाणीघराच्या बाजूनं मुलींचा कालवा ऐकू येत होता, शिडी ओढल्याचा आवाज आला, कुणीतरी छबीला लवकर उतर म्हणून ओरडलं. लाइन यायला अजून पंचवीस मिनिटं आहेत, असं मी स्वतःला बजावत होतो.

ऑफिसातली ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.

बांबू टाकून मी धावलो. ते अंतर शंभर पावलांचंही नव्हतं. धावताना मी ओरडलो नाही. आजही मला याचं नवल वाटतं. ओरडायला हवं होतं. टाकीच्या आतून खराट्याचा खरखर आवाज येत होता. मी स्लॅबखाली पोचलो तेव्हा तो थांबला.

मग टाकीच्या तोंडातून छबीचं डोकं वर आलं. गालाला शेवाळ लागलं होतं. अजून एक बादली पाणी द्या, असं ती खालच्या मुलींना सांगत होती.

मी शिडीला हात टेकवून उभा राहिलो. शिडीच्या खालच्या पायरीवर पार्बताबाई बसल्या होत्या. मांडीवर भाजी कापायची सुरी. वर स्लॅबच्या कडेला माझ्या तारेचं टोक लोंबत होतं, कापलेलं. टाकीतला तुकडा त्यांनी ओढून काढून बाजूला फेकला होता.

"लाईन बंद होती तवाच कापली," त्या म्हणाल्या. एवढंच. साठीची ती बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून वर गेली होती. लाइन नसताना मी जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी केलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

गुल्हाने सरांना तासाभरात कळलं. सचिवांनी वाखाणलेलं यंत्र, आणि ते सुरीनं तोडलेलं. आपलं खरं करण्यासाठी बाईनं शाळेच्या वस्तूची तोडफोड केली, असं बाजाराहून आलेल्या मॅडम म्हणाल्या. सरांनी पार्बताबाईंना व्हरांड्यात बोलावून विचारलं, तार तुम्ही कापली का. हो म्हणाल्या. का कापली म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नेवारे सरांना विचारा, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्या वाट पाहत होत्या. मी व्हरांड्याच्या खांबावरचा रंगाचा पोपडा नखानं काढत होतो.

सोमवारी त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी त्या दिवशी रजा टाकून अमरावतीला गेलो होतो, ट्रान्सफॉर्मर आणायला. नव्यानं जोडणी केली, या वेळी रीतीनं. नळाचं पाणी पुन्हा कधी चावलं नाही. नेलेल्या दोन्ही मुली परत आल्या. पार्बताबाई गेल्या तशी पीडा गेली, असं शाळेत सगळे म्हणू लागले. काहींचं म्हणणं, त्याच काहीतरी करत असतील. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. मी ते ऐकून घेत होतो.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. लुगडं नेलं होतं. एसटीतून उतरून दोन मैल चालत गेलो आणि वाटेत सगळं बोलणं मनात जुळवलं. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून उठल्या, खाटेवर घोंगडी अंथरली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मुलींची चौकशी केली. छबी पास झाली का, सुजाताचे केस अजून लांबच आहेत का. लुगडं त्यांनी घेतलं नाही. सुपाशेजारी ठेवा म्हणाल्या आणि त्याच्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी दुसऱ्या वाक्यालाच हात वर केला.

"मले ठाऊक हाये, सर. चक्की मीबी ऐकली होती."

मग मी नव्या जोडणीचं सांगत बसलो. आता ट्रान्सफॉर्मर लावलाय, आत दोन वेगळी वेटोळी असतात, प्लग कसाही खोचला तरी पाण्यात वीज उतरत नाही, अगदी उलटा खोचला तरी. त्यांनी सगळं नीट ऐकलं. त्यांना कळत होतं.

"म्हंजे तार अजून हाये टाकीत," त्या म्हणाल्या.

आहे, पण आता भीती नाही, असं मी सांगितलं.

"पोरीयच्या आधी तुमी सोता पायलं का? लाईन चालू असताना, अनवानी उभं राहून?"

मी पाहिलं नव्हतं. आकृती तपासली होती, मीटर लावला होता, सगळं बरोबर होतं. हात मी घातला नव्हता.

"पाहिलं," मी म्हणालो.

पार्बताबाई माझ्याकडं पाहत राहिल्या. शीत बोटानं दाबून भात शिजला की नाही ते बघताना त्या जशा थांबायच्या, तशा थांबल्या. मग "बरं" म्हणाल्या, सूप उचललं आणि घरात गेल्या.

चहा टाकायला गेल्या असतील असं वाटून मी खाटेवर बसून राहिलो. अंगणातलं ऊन सरकत भिंतीवर गेलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं सून बाहेर आली. तिनं सुपाच्या जागेवरचं लुगडं उचलून माझ्याशेजारी खाटेवर ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, शेवटची गाडी साडेपाचला असते.